ढेमशी पोहायला का शिकली नाही

आत्या, काल तुझा जलदान विधी झाला. विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. गावातल्या निम्म्या बाया तू शिवलेले पांढरे ब्लाऊज घालून तुला निरोप द्यायला आल्या होत्या, आणि मी वंदना म्हणायची सोडून कुणाची बाही उसवली आहे, कुणाचा गळा मागून उचलला आहे, तेच बघत बसले. ही खोड तूच लावलीस मला. देवाजीभाऊ तुझ्याबद्दल बोलायला उभे राहिले. एरवी एकदा उभे राहिले की बसायचं नाव न घेणारा माणूस, पण काल दोन वाक्यं बोलले आणि चष्मा काढून पुसत खाली बसले. ज्या देवाजीभाऊंनी एकेकाळी तुझ्या पुस्तकावर भर विहारात खटला चालवला, त्यांची ही गत पाहून मला रडता रडता हसू फुटलं. आईनं चिमटा काढला. तू असतीस तर तूही हसली असतीस आणि चिमटे दोघींनाही बसले असते.

जेवण चांगलं झालं. भाजीत मीठ कमी होतं, पण तोंडावर सांगणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

तू किती शिकलीस, कुणाची कोण लागतेस, कधी काय केलंस, हे सांगायला गावात पुष्कळ लोक आहेत आणि ते आठवडाभर सांगतच आहेत. मला ते करायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं इतक्या वर्षांचं भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस, आणि जाता जाता त्यात अशी एक पाचर मारून गेलीस की माझं डोकं जागेवर नाही.

त्या दुपारी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात मी नागपूरहून थेट आले होते. तुझ्या खोलीच्या दारात उभी राहिले. पुढे पाऊल पडेना. तू इतकीशी झाली होतीस. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "विशे, तिथी काऊन उभी हायेस? ये. मले भेव लागून राह्यलं वं. इथी बस, जवळ." मी येऊन बसले. तुझा हात हातात घेतला. मग तू भलतंसलतं विचारत राहिलीस, कॉलेजात डबा कसा मिळतो, खोलीवर उजेड आहे का, आणि बोलता बोलता झोपलीस. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

आत्या, तू आणि भीती? सासरी पटलं नाही तेव्हा शिलाई मशीनचं मुंडकं डोक्यावर घेऊन भर उन्हात माहेरी चालत आलीस तू. "मशीन माह्या बापानं देल्ली होती, ते ठेवून कशी येऊ?" एवढंच घरी बोललीस म्हणे. मोहफुलं वेचायला गेल्यावर झाडाखाली अस्वल दिसलं तर बाकीच्या बाया टोपल्या टाकून पळाल्या, आणि तू त्याला "हट, आमची पाळी हाये" म्हणालीस. ही गोष्ट तू दर वर्षी थोडी वाढवून सांगायचीस, पण मुळात ती खरी आहे हे सोबतच्या बायाही कबूल करतात. अशा बाईला शेवटी भीती वाटली, आणि मी नुसती हात धरून बसले, हे मला गेले काही दिवस आतून खात होतं. आजीला विचारलं, बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "शेवटी सगळ्यांनाच वाटते, बेटा." माझं समाधान झालं नाही. आपल्या पुस्तकातल्या ढेमशीबद्दलही मी हेच म्हणत आले आहे ना इतकी वर्षं, की शेवटी तिला भीती वाटायला नको होती? मग ढेमशीपासूनच सुरुवात करते.

दर वर्षी दीक्षाभूमीवरून येताना प्रत्येक घर एक तरी पुस्तक आणतं. त्या वर्षीही गाव ट्रकनं गेलं आणि पुस्तकं घेऊन आलं. कुणी चरित्र आणलं, कुणी भाषणं, कुणी गाण्यांचं पुस्तक. तू आणलंस "घडी घातलेली नदी". मुखपृष्ठावर कोरडं नदीपात्र, त्यात एक गोल गरगरीत मुलगी पाठमोरी चालली आहे आणि तिच्या खांद्यावर खेकडा. देवाजीभाऊंनी ते उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "शेवंता, दीक्षाभूमीवर जाऊन तू हे आनलं?" तू म्हणालीस, "भाऊ, बाकीची तुमी आनलीच हायेत ना. मी कोनाची तरी वाचायले मागून घेईन."

तू ते का उचललंस, हे मला नंतर सांगितलंस. पहिलं पान तिथेच उभ्यानं वाचलंस. एक म्हातारी पहाटे उठते, नदीची एक कड धरते, झटकते आणि लुगड्याची घालतात तशी नदीची व्यवस्थित घडी घालून पेटीत ठेवते. "कड धरून झटकते, असं लिवलं हाये, विशे. ज्यानं लिवलं त्यानं घरी कधीतरी कपडे वाळवले असतीन," तू म्हणालीस. एवढ्यावर पुस्तक घेतलंस.

आणि त्यातली नायिका! गोष्टीतल्या मुली तोवर मला माहीत होत्या त्या सगळ्या गोऱ्या, नाजूक, आणि कुणीतरी सोडवायला येईपर्यंत बसून राहणाऱ्या. ही नावाड्याची मुलगी. अंगानं ढेमसासारखी गोल, म्हणून गाव तिला ढेमशी म्हणतं. सारखी भूक लागलेली, झोपेत घोरणारी, आणि एक नंबरची थापाडी. डोंगराला सांगते मी राक्षसाची भाची आहे, खेकड्याला सांगते मी सकाळपासून काही खाल्लं नाही. आई नाही, बाप दिवसभर नदीवर, घरी फक्त झोपायला येणार. आणि नावाड्याची मुलगी असून पाण्याला भिते! पोहता येत नाही, बापाच्या डोंग्यात, म्हणजे नावेत, पाय ठेवत नाही. नदी गेली तेव्हा आनंद व्हायला हवा होता तो एकट्या ढेमशीला. पण बापाचा डोंगा वाळूत रुतलेला, बाप त्याच्याशेजारी बसून राहिलेला. ते बघून ढेमशी दशम्या बांधून घेते आणि नदी शोधायला कोरड्या पात्रातून उगमाकडे चालू लागते.

पण हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते, उन्हाळ्यात संस्कार शिबिराला जाऊन आले होते आणि जगातली सगळी अंधश्रद्धा दिवाळीपर्यंत संपवायची असं ठरवून बसले होते. घरातल्या बोक्यालाही मी सोडलं नव्हतं, तो आडवा गेला की मुद्दाम त्याच्यामागून चालायचे. पुस्तक आणल्यानंतरच्या पावसाळ्यात, वर्षावासात, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. दिवसभर धानाची रोवणी करून आलेल्या बाया, हातापायांचा चिखल धुतलेला, डोळ्यांवर झापड. देवाजीभाऊंचं वाचन संपलं की मोठी माणसं घरी जायची आणि तू आम्हा मुलींना मागे थांबवून ते पुस्तक वाचायला लागलीस. मुलींना घराबाहेर थांबायला मिळणारा तेवढाच एक तास होता. तुला ते माहीत होतं, मुलींनाही माहीत होतं. फक्त मला एकटीला त्यापेक्षा मोठं काहीतरी दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी खेकडा बोलला, आणि मी उभी राहिले.

"विहारात चमत्कार चालणार नाहीत," मी म्हणाले. शिबिरातल्या आवाजात.

मुलींनी मला तिथेच बडवलं असतं. तू मात्र पुस्तक मिटलंस आणि म्हणालीस, "बराबर हाये. कमिटीपुढं ठेवू." तुझ्या तोंडावर एक रेषा हलली नाही. मला वाटलं मी जिंकले.

कमिटी म्हणजे देवाजीभाऊच. लाकडाच्या डेपोत त्यांचा जन्म गेला. जंगलातून आलेला ओंडका तपासायचा, सडलेला भाग कापायला लावायचा आणि चांगल्या लाकडावर हातोड्यानं ठप्पा मारून "पास" म्हणायचं, हे त्यांचं काम. माणूस सरळ, पण जगातली प्रत्येक वस्तू त्यांना ओंडक्यासारखी दिसायची. लग्नासाठी मुलगी बघायला गेले तरी ओंडक्याचा बुंधा तपासावा तसे आधी टाचेकडे बघायचे, असं बाबा म्हणतात. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कडेनं बोट फिरवलं, आतून दोन ठिकाणी उघडून पाहिलं आणि निकाल दिला.

"पुस्तक खराब नाई. पन खेकडा बोलते म्हनते ही पोट्टी. तेवढा सडका भाग कापून टाकू. बाकी पास."

सगळ्यांना हे इतकं रास्त वाटलं! कुणाच्याही मनात आलं नाही की पुस्तक असं कापत नसतात. बाया माना डोलवत होत्या. मुली रडकुंडीला आल्या. आणि तू, कापडाचा एक दोरा वाया न घालवणारी बाई, तू म्हणालीस, "कापते की. कैची माह्याजवळच हाये. पन कुठून कुठून कापाचं ते कोनी सांगन? तुमाले वेळ नाई. हिलेच वाचू द्या. हिनंच आक्षेप घेतला, हीच निशान करन." आणि पोलक्याच्या गळ्याची खूण करायचा तो निळा खडू तू माझ्या हातात ठेवलास.

आत्या, गावातल्या कितीतरी मुलींना तू पुस्तकं वाचायला लावलीस. मापं घेता घेता, टेप गळ्यात टाकून, "छाती अठ्ठावीस, तुले जंगलातली गोष्ट चालन" असं म्हणत. पण मला जे लावलंस त्याची तोड नाही. ज्यानं नावं ठेवली त्याच्याच गळ्यात घातलंस.

मी खडू घेऊन ओसरीवर बसले. रविवार होता. खेकडा पहिल्यांदा बोलला तिथे खडू टेकवला, आणि वाटलं, आधी बघू तरी काय बोलतो. तो म्हणतो, "उगमाकडे जायचं तर वाळूत माझे पाय उमटले आहेत त्याच्या उलट चाल. मी नेहमी चुकीकडे जातो." मला हसू आलं. खडू उचलला. पुढे डोंगर आला, तो येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो की तुझ्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही. राजपुत्र तलवार दाखवतात, डोंगर त्यांना गिळतो. ढेमशी विचार करून सांगते, "भूक." आणि डोंगर इतका हसतो की त्याच्यात वाट फुटते. ते मी परत वाचलं. आई जेवायला बोलावत होती. तू मशीनवर बसली होतीस, पायडल चालू होतं, माझ्याकडे पाठ. तू एकदाही वळून बघितलं नाहीस. आता कळतं, त्या दिवशी तू एकच बाही सकाळपासून शिवत होतीस.

संध्याकाळी म्हातारी भेटली. नदीची घडी घालणारी. ढेमशी तिच्याशी लढत नाही, मंत्र म्हणत नाही, नवस बोलत नाही. ती म्हातारीला प्रश्न विचारत सुटते. घडी किती पदरी आहे, मासे कुठल्या घडीत आहेत, कसर लागू नये म्हणून काय घातलंय. म्हातारीला आजवर कुणी कामाबद्दल विचारलेलंच नसतं. दाखवता दाखवता ती एक घडी उलगडते, मग दुसरी. अंधार पडला तेव्हा मी शेवटच्या पानावर होते आणि खडूनं एकही खूण झाली नव्हती. फक्त माझी बोटं निळी होती, आणि एक गाल.

दुसऱ्या दिवशी विहारात कुणी पेंगत नव्हतं. मुली पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. त्यांचा तास आज राहणार की जाणार, ते माझ्या तोंडून निघायचं होतं. देवाजीभाऊंनी पुस्तक उघडलं, पानं चाळली.

"निशान कुठी हाये?"

"केली नाही," मी म्हणाले. "खेकडा कापला तर ढेमशी रस्ता चुकते. डोंगर कापला तर ती म्हातारीपर्यंत पोचत नाही. म्हातारी कापली तर नदी परत येत नाही."

"अन् अंधश्रद्धा?"

"ढेमशी कुणालाच हात जोडत नाही, भाऊ. सगळ्यांना प्रश्न विचारते." मग मला शिबिरातला शब्द आठवला आणि मी छाती काढून म्हणाले, "चिकित्सा करते."

देवाजीभाऊंनी पुस्तक मिटलं. कडेवरून पुन्हा बोट फिरवलं. "म्हंजे आरपार एकच लाकूड हाये," ते म्हणाले. मग मूठ वळून त्यांनी पुस्तकावर ठप्प करून मारली. "पास!" मुलींनी जो आरडाओरडा केला त्यानं छपरातली पाखरं उठली. आणि तो थांबल्यावर देवाजीभाऊंनी हळूच मला विचारलं, "मंग नदीचं का होते?"

त्या दिवसापासून तुझा तास रीतसर झाला. त्याच पावसाळ्यात आपलं गाव रातोरात चंद्रपूर जिल्ह्यातून उठून गडचिरोली या नव्या जिल्ह्यात आलं, आणि तू म्हणालीस, "त्या म्हातारीनं जिल्ह्याचीबी घडी घातली वाटते." बाया थांबायला लागल्या. पाऊस उघडलेला असायचा तरी देवाजीभाऊ "जरा थांबतो, आभाळ दिसते" म्हणून खांबाला टेकून बसायचे. डोंगर हसला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. आणि मग एका संध्याकाळी तू शेवटचं पान वाचलंस. ते पान मला पाठ आहे. नदी परत आली आहे, डोंगा पाण्यावर आहे, गाव काठावर उभं आहे. ढेमशी पहिल्यांदा डोंग्यात चढते, दोन्ही हातांनी कड घट्ट धरते. "बाबा, जरा इकडे सरकून बसा," ती म्हणते, "मला अजून भीती वाटते." आणि डोंगा हलतो. संपलं.

इथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, हा काय शेवट झाला? एवढा डोंगर पार केला, एवढी नदी परत आणली, आणि पोरगी अजून भितेच? लेखकानं तिला पोहायला शिकवायला हवं होतं. तू म्हणायचीस, "ज्याले भेव नाई तो डोंग्यात बसला, त्यात का मोठं झालं? भेव लागते अन् तरी बसली, म्हनून ते पुस्तक हाये. तिचं भेव गेलं असतं त मी ते कोनाले देल्लंच नसतं." मी म्हणायचे, मग शिकली काय ती? तू म्हणायचीस, "बसायले शिकली."

वडशाच्या स्टेशनवर छोट्या गाडीची वाट बघताना आपण भांडलो. तेंदूच्या पानांचे पुडे बांधताना भांडलो. मी मॅट्रिक झाले तेव्हा गाव पेढे खात होतं आणि आपण दोघी ओसरीवर त्याच शेवटावर. मी कॉलेजला गेल्यावर मोठमोठी पुस्तकं वाचली, नवे शब्द शिकले, ते आणून तुझ्या अंगावर टाकले. तू दातात दोरा धरून ऐकून घ्यायचीस, दोरा तोडायचीस आणि म्हणायचीस, "झालं? आता बाही दाखव." मला हरवल्याचं सुख तू कधी लपवलं नाहीस. आणि खरं सांगते, मला तुझ्याकडून हरण्यात जी मजा आली ती नागपुरात कुणाला हरवण्यात आली नाही.

पुस्तकाचं मूळ कव्हर केव्हाच गेलं. तू त्याला कापडाचं कव्हर शिवलंस, आणि मग ती रीत पडली. जी मुलगी पुस्तक वाचून परत आणेल आणि शेवट पटला की नाही ते सांगेल, तिच्या पोलक्याची नाहीतर झग्याची उरलेली चिंधी त्या कव्हरवर लागणार. नुसतं "छान होतं" म्हटलं तर चिंधी मिळायची नाही. "छान त जिलेबीबी राहते," तू म्हणायचीस. माझी चिंधी पहिली, पिवळी, मधोमध. आता त्या कव्हरवर इतक्या चिंध्या आहेत की पुस्तकापेक्षा कव्हर जाड झालं आहे. तू गेल्यावर मी ते घरभर शोधलं. पेटीत नाही, मशीनच्या खणात नाही. म्हणजे ते कुणाकडे तरी वाचायला गेलेलं होतं. तू आजारी पडायच्या आधी कुणाचं तरी माप घेतलं होतंस.

आज दुपारी ते परत आलं.

ऊन मी म्हणत होतं. मी ओसरीवर तुझ्या मशीनला टेकून बसले होते. नाल्यापलीकडच्या वस्तीतली, टोल्यावरची रंजू आली. तू ओळखतेसच, तुझ्याकडे शिवण शिकायला येणारी, घरी गोंडी बोलणारी, काटकुळी, ओच्यात कायम काहीतरी खायला असलेली. आज चारं होती, चारोळीची पिकलेली फळं. तिनं पुस्तक माझ्यापुढे धरलं. "बाईनं देल्लं होतं. वाचून झालं." मग माझ्या तोंडाकडे पाहून खाली बसली आणि मूठभर चारं माझ्यापुढे ठेवली. दोघी चारं खात बसलो.

मग मी विचारलं. विचारायलाच हवं होतं, तुझी रीत. "शेवट पटला का?"

"पटला," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला तुझ्यासारखंच पटलं असणार, पण आता तुझी बाजू कोण मांडणार? मीच मांडली. आत्या, इतकी वर्षं ज्याच्याविरुद्ध घसा फोडला तेच मी त्या पोरीला समजावायला लागले, आणि तुझ्यापेक्षा चांगलं समजावलं असं मला वाटतं. भीती असणं वाईट नसतं, भीती असूनही डोंग्यात बसणं म्हणजे धीर, वगैरे. रंजूनं चाराची बी थुंकली.

"नाई जी," ती म्हणाली. "तिले भेव लागतच नाई."

"अगं, तिनं स्वतः म्हटलंय शेवटी!"

"म्हनते. ती त सुरवातीपासून थापाच मारते. डोंगराले मारली, खेकड्याले मारली." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की एवढी शिकलेली बाई, हिला कसं कळत नाही. "इतक्या मोठ्या नदीच्या घड्या तिनं सोडवल्या, ते पाणी तिच्या डोक्यावरून गेलं. आता तिले भेव कायचं? पन भेव लागते म्हटलं, त बाप जवळ येऊन बसते. नाईतर तो काठावरच्या लोकाईकडं पाहत राह्यला असता, एकटा रडत. नदी गेली तवा तोच भेला होता. ती नाई."

मी पुस्तक उघडलं. "बाबा, जरा इकडे सरकून बसा." इतक्या वेळा वाचलेलं ते वाक्य. मी फक्त "भीती वाटते" वाचत आले, आणि तूही. आपण दोघी जन्मभर तिच्या भीतीवर भांडलो, आणि ही पोरगी म्हणते तिथे भीती नव्हतीच, जागा करून दिलेली होती.

आणि मग मला ते दार दिसलं, आत्या. दवाखान्यातलं. दारात मी उभी, पुढे पाऊल पडत नाही, तोंड उतरलेलं. आणि खाटेवरून तू, अस्वलाला हट म्हणणारी, मला म्हणतेस, मले भेव लागून राह्यलं, इथी बस. आणि मी लगेच आत आले. तुला धीर द्यायचा म्हणून आले. नाहीतर त्या दारातून मी किती वेळ हलले नसते कोण जाणे. आत येऊन तुझा हात धरला, आणि तू डब्याचं विचारलंस, उजेडाचं विचारलंस. भ्यायलेलं माणूस खोलीवरच्या उजेडाचं विचारतं का?

खरं काय होतं ते तूच जाणे. कदाचित बाबा म्हणतात तेच खरं असेल. पण थाप मारायची झाली तर तू इतकी सफाईनं मारशील की ती ओळखायला मला काही दिवस आणि एक बाहेरची पोरगी लागेल, एवढं मी तुला ओळखते. मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं की रंजू घाबरून पाणी आणायला धावली. माझा जीव हलका झाला आहे, आत्या. तुझ्यावर माझं फार प्रेम आहे. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "झालं? आता बाही दाखव."

तर भांडणाचा निकाल असा लागला. मी हरले, आणि या वेळी तूही हरलीस. रंजूनं हरवलं दोघींना, एका झटक्यात. तू इथे असायला हवी होतीस, तुझं तोंड बघायला.

पाणी पिऊन मी डोळे पुसले आणि पुस्तक आत ठेवायला उठले, तर रंजू जागची हलेना. ओच्यातून तिनं एक चिंधी काढली, हिरवी, बारीक फुलांची. "माही चिंधी कोन लावन?" आता मला शिवता कुठे येतं? तू शिकवायचा प्रयत्न केलास तेव्हा मी पुस्तक घेऊन बसायचे. पण ती हक्कानं उभी होती, आणि तिचा हक्क होताच. मी मशीनवर बसले. दोरा ओवायलाच केवढा वेळ गेला. पायडल उलटं फिरलं, दोरा तुटला, रंजूनं पुन्हा ओवून दिला. शेवटी चिंधी लागली, माझ्या पिवळ्या चिंधीच्या बाजूला.

"वाकडी हाये," रंजू म्हणाली. "बाईनं उसवाले लावलं असतं."

"हो," मी म्हटलं. "पण आज राहू दे."